दहावा सीझन

"सध्या कुठे गं तू?" हा प्रश्न अमेरिकेतल्या एडिसन गावातले समस्त काका-काकू आश्लेषा वर्तकला गेली नऊ वर्षं विचारत होते, आणि नऊही वर्षं तिच्याकडे त्याचं उत्तर होतं. स्लोव्हाकिया. मग रोमानिया, मग पोर्तुगाल, मग फिनलंड, मग पोलंड. विचारणाऱ्याला तिथलं एकही गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, पण देशाचं नाव कानावर पडलं की माणसं समाधानाने कोथिंबीर निवडायला लागतात. यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात लतिका काकूंनी दुधीला नख लावून बघता बघता तोच प्रश्न टाकला, आणि आश्लेषाची पंचाईत झाली.

"ठरतंय, काकू," ती शेवटी म्हणाली.

एकतीस वर्षांच्या मुलीने 'ठरतंय' म्हटलं की एडिसनमध्ये त्याचा अर्थ एकच. काकूंनी दुधी खाली ठेवला.

"अय्या! कोण आहे? आपल्यातला?"

"क्लब आहे, काकू. हंगेरीतला. बास्केटबॉलचा."

"असं होय," काकू म्हणाल्या, आणि दुधी पुन्हा उचलला. "बरं, ते वरच्या फळीवरचं भाजणीचं पाकीट काढून दे बाई. तुझ्या उंचीचा आम्हाला तेवढा तरी उपयोग."

आश्लेषाने चवड्यांवर उभं राहून पाकीट काढलं. खाली टेकताना डाव्या गुडघ्यातून कळ आली ती थेट मांडीपर्यंत. ती हसत हसत पाकीट देऊन मोकळी झाली. नऊ वर्षांत तिने हेच एक कौशल्य सगळ्यांत जास्त कमावलं होतं.

उंचीचंही एक रामायण होतं. आश्लेषा पाच फूट अकरा इंच. पण क्लबांच्या यादीत ती सहा फूट एक, कारण तिथे सगळेच दोन इंच वाढवून सांगतात. आणि तिच्या आईने, शुभाताईंनी, लग्नासाठी जो बायोडेटा बनवला होता त्यात ती पाच फूट आठ, कारण तिथे सगळेच घटवून सांगतात. "भेटल्यावर कळणारच ना, आई," असं आश्लेषा म्हणाली तर शुभाताई म्हणाल्या, "भेटू तर दे. पुढचं पुढे." एकाच घरातून पाच इंचांच्या फरकाच्या दोन मुली बाहेर पाठवल्या जात होत्या, आणि खरी मुलगी माडीवर गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून पडलेली असायची.

ती इथलीच, एडिसनमध्ये जन्मलेली. शाळेत बास्केटबॉल खेळली तेव्हा आईबाप म्हणाले, कॉलेजच्या अर्जाला बरं. कॉलेजने खेळासाठी पूर्ण शिष्यवृत्ती दिली तेव्हा म्हणाले, डिग्री झाली की सुटेल. डिग्री झाली, खेळ काही सुटला नाही. सबंध अमेरिकेत बायकांच्या मोठ्या लीगमध्ये जागा शे-दीडशे, आणि त्यासाठी दर वर्षी हजारो पोरी कॉलेजातून बाहेर पडतात. राहिलेल्यांनी एक तर कोच व्हायचं, नाही तर बॅगा भरायच्या. आश्लेषाने बॅगा भरल्या. इतर मराठी घरांतल्या पोरी नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला जात होत्या, ही स्लोव्हाकियातल्या एका कारखान्याच्या गावाला गेली. शुभाताईंनी मेतकूट, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर दिला. तो कुकर त्यानंतर पाच देश फिरला आणि त्याची शिट्टी दोनदा विमानतळावर जप्त झाली.

परदेशी क्लबमध्ये अमेरिकन पोरींना इंपोर्ट म्हणतात. एका संघात दोन, फार तर तीन. संघ जिंकला की गावच्या मुली जिंकतात, हरला की इंपोर्ट हरते, असा तिथला साधा हिशोब. लागोपाठ चार मॅच हरल्या की क्लबचा मॅनेजर गोड बोलायला लागतो, आणि मॅनेजर गोड बोलायला लागला की बॅग पलंगाखालून काढून ठेवायची. पोर्तुगालमध्ये तिला तसं डिसेंबरातच घरी पाठवलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान कुणी हाकलून देत नाही.

बाकी सगळीकडे तेच. दोन खोल्यांचा फ्लॅट, आधीच्या इंपोर्टने सोडून गेलेला शाम्पू, भिंतीवर तिने न काढलेले तिचे स्टिकर. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार. कोर्टवर हँडबॉलवाल्यांनी हाताला लावलेला डिंक सांडलेला, त्यात बुटांचे तळ चिकटायचे. मॅच संपली की घरी येऊन मेतकूट-भात, आणि समोर फोन. बारा गावचं पाणी प्यायलेली मुलगी, पण त्या बारा गावांत मिळून तिला नाव घेऊन हाक मारणारी माणसं दहा-बाराच निघाली असती.

दोन हिवाळ्यांपूर्वी पोलंडमध्ये रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू पकडायला, उडी मारली आणि उतरताना दुसरीच्या पायावर पाय पडला. गुडघा त्या दिवशी जो सुजला तो पूर्वीसारखा झालाच नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. गुडघा दुखणारी इंपोर्ट म्हणजे नासकं दूध, कुणी वास घेऊनही बघत नाही. तिथल्याच पुढच्या क्लबच्या डॉक्टरने छाती तपासली, दोन उठाबशा काढायला लावल्या आणि सही केली. त्या दोन उठाबशांसाठी ती सकाळी दोन गोळ्या घेऊन गेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं, दहा सीझन पूर्ण करायचे आणि थांबायचं. दहा म्हटलं की कारकीर्द वाटते. नऊ म्हटलं की काढून टाकल्यासारखं वाटतं.

आता या गोष्टीतलं दुसरं माणूस. रवींद्र वर्तक, आश्लेषाचे बाबा. ठाण्याहून व्हिसावर आले आणि तीस वर्षं एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. टेस्टरचं काम असं की दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायची, ती तारीखवार लिहायची, आणि वस्तू गिऱ्हाईकाकडे जाताना सोबत 'माहीत असलेल्या दोषांची' यादी जोडायची. ही यादी जोडल्याशिवाय रवींद्ररावांनी आयुष्यात काही बाहेर जाऊ दिलं नाही. घरातला डिशवॉशर विकला तेव्हाही त्यांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली होती, 'खालचा ट्रे अडकतो'. डिशवॉशर अर्थात कुणी नेला नाही.

तिकडची संध्याकाळची मॅच म्हणजे इकडचे दुपारचे बारा. रवींद्रराव नोकरीत होते तेव्हा डबा खाता खाता ऑफिसात बघायचे, रिटायर झाल्यावर बेसमेंटमध्ये. नऊ वर्षांत एक मॅच चुकवली नाही. बास्केटबॉलचे नियम त्यांना अजून धड सांगता यायचे नाहीत, पण मुलीचं एकेक पाऊल त्यांना पाठ होतं. दर उन्हाळ्यात तेच तिची टेप बनवायचे, म्हणजे तिच्या उत्तम शॉट्सची दहा मिनिटांची फिल्म. तिची एजंट डॉना ती क्लबांना पाठवायची. डॉना म्हणायची की एवढं नेटकं काम पैसे घेणारेही करत नाहीत, आणि बाबा आठवडाभर तरंगत असायचे.

हंगेरीच्या क्लबला यंदा टेप आवडली. त्यांनी कळवलं, गेल्या वर्षीच्या पूर्ण मॅच पाठवा, आणि असेल ती सगळी माहिती पाठवा. डॉनाने बाबांना सांगितलं, "फोल्डरची लिंक थेट त्यांनाच द्या." बाबांनी दिली.

तीन दिवसांनी डॉनाचा फोन आला. आश्लेषा तेव्हा स्वयंपाकघरात आईसमोर बसून घेवडा मोडत होती.

"हनी," डॉना म्हणाली, "तुझ्या वडिलांनी पाठवलेली शीट तू पाहिलीस का?"

"कुठली शीट?"

"त्यांच्या डॉक्टरने पाहिली आहे. त्यांना आता तुझ्या गुडघ्याचा एमआरआय हवाय. तो क्लिअर आला तरच कॉन्ट्रॅक्ट."

आश्लेषा घेवडा तसाच टाकून बेसमेंटमध्ये गेली. बाबा कॉम्प्युटरसमोरच होते. तिने शीट उघडायला लावली. ऑफिसातल्यासारखे इंग्रजीत चार रकाने होते. तारीख, दोष, तीव्रता, स्थिती. त्रेसष्ट ओळी. '९ जानेवारी. उडीनंतर डावा पाय उशिरा टेकते. तीव्रता मध्यम.' '२३ जानेवारी. बेंचवर बसताना डावा पाय लांब सोडते. पूर्वी सोडत नव्हती.' '६ फेब्रुवारी. तिसऱ्या क्वार्टरनंतर डावीकडे वळणं टाळते. तीव्रता गंभीर.' आणि स्थितीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, 'ओपन', म्हणजे दोष अजून दुरुस्त झालेला नाही.

"बाबा, तू हे क्लबला पाठवलंस?"

"त्यांनी सगळी माहिती मागितली होती, आशू."

"सगळी म्हणजे ही? हू डझ दॅट? बाबा, आय ॲम नॉट अ सॉफ्टवेअर!"

"दोष आपण होऊन सांगितले की समोरच्याचा विश्वास बसतो," बाबा म्हणाले. पण बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडत गेला. "मला वाटलं... तू त्यांना सांगितलंच असशील. एवढी मोठी गोष्ट कुणी लपवतं का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हातही दुसऱ्याचा. आश्लेषाला एवढा राग आला की तिला मराठीत बोलताच येईना. ती इंग्रजीत पाच मिनिटं बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ती म्हणाली, "वन मोअर इयर, बाबा. दॅट्स ऑल आय वाँटेड. तू ते घालवलंस." बाबा खुर्चीत बसून ऐकत राहिले. जिन्यात शुभाताई उभ्या होत्या, त्यांच्या हातात घेवड्याची एक शेंग तशीच राहिली होती.

एमआरआय तिने केला नाही. तो काय सांगणार ते तिला ठाऊक होतं. हंगेरी गेलं.

त्या आठवड्यात ती रोज सकाळी कम्युनिटी सेंटरच्या कोर्टवर एकटीच गेली. एरवी बाबा बरोबर असायचे, पडलेला चेंडू उचलून परत द्यायला. आता ती शॉट मारायची, चेंडू घरंगळत भिंतीला जायचा आणि ती लंगडत त्याच्यामागे जायची. रागात माणूस बराच वेळ चालतो, पण गुडघा दिवसाला चाळीस शॉट्सच्या पुढे जाईना. आणि राग ओसरला की शीट डोळ्यांपुढे यायची. कोच, फिजिओ, सोबत राहणारी दुसरी इंपोर्ट, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्याला ऑफसाइड आणि फाउल यांतला फरक कळत नाही, ज्याला बास्केटबॉलमध्ये ऑफसाइड नसतोच हेही ठाऊक नाही, त्या माणसाने चार हजार मैलांवरून, अडखळत चालणाऱ्या व्हिडिओत, ती पाय कधी लांब सोडते हे टिपलं होतं. एक ओळ तर गुडघ्याची नव्हतीच. '१३ मार्च. मॅच जिंकली. हसली नाही. तीव्रता?' तीव्रतेपुढे फक्त प्रश्नचिन्ह होतं.

मग डॉनाचा पुन्हा फोन आला. कोसोव्होतला एक लहान क्लब होता. त्यांची इंपोर्ट आयत्या वेळी फिरली होती. "ते मेडिकल करत नाहीत," डॉना म्हणाली. "काही विचारतही नाहीत. फक्त नवी टेप हवी आणि सोमवारपर्यंत उत्तर."

जेवताना आश्लेषाने हे ताटाकडे बघत सांगितलं. बाबा जेवून थेट बेसमेंटमध्ये गेले. शनिवार-रविवार ते फक्त चहाला वर आले. शुभाताई म्हणाल्या, "आशे, एकदा बोल त्यांच्याशी. दोन दिवस नीट जेवले नाहीयेत." आश्लेषा म्हणाली, "बोलेन." बोलली नाही.

रविवारी दुपारी बाबांनीच हाक मारली. "टेप झाली. बघतेस? आवडली तर डॉनाला पाठवतो. या वेळी फक्त टेप. ती शीट मी फोल्डरमधून काढून टाकली."

आश्लेषा बाजूच्या खुर्चीवर बसली. बाबांनी टेप सुरू केली.

बेचाळीस शॉट्स होते, आणि एकाहून एक सुरेख. ती धावत येते, उडते, चेंडू हातातून सुटतो, जाळीत पडतो. पुढचा शॉट. ती मागे झुकून उडी मारते, चेंडू जाळीत. पुढचा. पाच-सहा शॉट्स झाले आणि तिला काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. टेप नीट होती, आवाज नीट होता, मग काय चुकतंय? अकराव्या-बाराव्या शॉटला तिच्या लक्षात आलं. चेंडू हातातून सुटला की चित्र कापून थेट जाळीवर नेलेलं होतं. ती वर जायची, मग नुसती जाळी दिसायची, आणि ती खाली दिसायच्या आतच पुढचा शॉट सुरू व्हायचा. तिने टेप शेवटपर्यंत पाहिली. दहा मिनिटांत तिचे पाय उडी मारून एकदाही जमिनीला लागले नव्हते.

"बाबा," ती म्हणाली, "याच्यात मी कुठेच खाली येत नाही."

बाबा कीबोर्डकडे बघत म्हणाले, "खाली आलीस की दिसतं गं. प्रत्येक वेळी दिसतं. मी खूप शोधलं. गेल्या वर्षीच्या सगळ्या मॅच पाहिल्या. एक उडी नाही मिळाली चांगली उतरलेली."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण चष्मा काढून ते तो शर्टाच्या टोकाने पुसत होते, आणि तो पुसून संपेना. तीस वर्षं ज्या माणसाने डिशवॉशरची खोट झाकली नाही, तो दोन दिवस उपाशीपोटी बसून आपल्या मुलीची खोट एकेका चित्रातून कापत होता. तिच्या दहाव्या सीझनसाठी. आश्लेषाला रडू आलं, आणि रडता रडता तिला कळलं की तिला कोसोव्होला जायचं नाहीये. कोसोव्होलाच काय, कुठेही. तिला फार थकवा आला होता. तो आजचा नव्हता, गेल्या दोन-तीन वर्षांचा होता, आणि त्याची नोंद फक्त एका माणसाने ठेवली होती.

"नको पाठवूस," ती म्हणाली.

"का? चांगली झालीय की."

"चांगलीच झालीय. नको पाठवूस. मी थांबतेय, बाबा."

"अगं पण दहा..."

"नऊ झाले ना. पुरे."

बाबांनी मान हलवली. मग तिने विचारलं, "ती शीट खरंच डिलीट केलीस?"

"फोल्डरमधून काढली," बाबा म्हणाले. "बॅकअप असतो."

डॉनाने फोनवर सुस्कारा टाकला, मग खरीखुरी चौकशी केली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी मन बदललं तर कळव. मन बदलणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुबड्या घेऊन आश्लेषा आईबरोबर ओक ट्री रोडला गेली, तर लतिका काकू भेटल्याच. "सध्या कुठे गं?" त्यांनी विचारलं. "इथेच, काकू," आश्लेषा म्हणाली. काकू लगेच भाजीकडे वळल्या, आणि वरच्या फळीवरचं त्यांना काहीतरी हवं होतं तेही कुबड्यांकडे बघून त्यांनी मागितलं नाही. आश्लेषाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नोकरीचं अजून काही ठरलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेने कोचिंगबद्दल विचारलंय, ती बघते म्हणालीय. सध्या ती सकाळी उशिरापर्यंत झोपते, आणि झोपून उठली तरी थकलेलीच असते. शुभाताईंनी बायोडेटा पुन्हा बाहेर काढला आहे. त्यात आता उंची पाच फूट नऊ लिहिली आहे. एवढी सूट त्यांनी दिली.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता ती खाली पाणी प्यायला आली, तर बेसमेंटमधून मॅचचा आवाज येत होता. तिच्या रोमानियातल्या जुन्या क्लबची मॅच. बाबा स्क्रीनसमोर बसले होते, मांडीवर दहीभाताची वाटी.

"सवय," ते ओशाळून म्हणाले. "बारा वाजले की हात आपोआप जातो."

आश्लेषा कुबड्या भिंतीला टेकवून त्यांच्या शेजारी बसली. नऊ वर्षांत एकही मॅच दोघांनी शेजारी बसून पाहिली नव्हती. तिच्या जागेवर एक नवी इंपोर्ट खेळत होती, सात नंबरची, टेक्ससची कुणीतरी, फार तर बावीस वर्षांची. फ्लॅट तोच मिळाला असणार. पोरगी छान खेळत होती, धडाधड उड्या मारत होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिने एक अवघड रिबाउंड घेतला आणि खाली उतरली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं.

बाबांचा चमचा वाटीत थांबला. त्यांनी आश्लेषाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.

"उजवा," बाबा हळूच म्हणाले.

"हो," आश्लेषा म्हणाली. स्क्रीनवर ती पोरगी दात दाखवून हसत धावत होती, आणि उजवा पाय किंचित जपत होती. "बाबा, कुणाला सांगू नकोस."